आधी माणूस की आधी रीत?

माणूस बदलला की समाज बदलतो, या मताला महाराष्ट्रात चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगलजिल्ह्यांचे दाखले हमखास दिले जातात. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. १९७३ मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे गेले. (गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हताच, चंद्रपूरपासून तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी.) १९८६ मध्ये अभय आणि राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. या तिन्ही कथा सांगताना क्रम ठरलेला असतो: आधी एखाद्याच्या मनात उलथापालथ, मग त्याग, मग परिसराचा कायापालट. त्यावरून पूर्वपक्ष बांधला जातो तो असा: तरुणांना आत्मशोधाची संधी द्यावी, त्यांच्यात मूल्ये रुजवावीत, असे नेते पुरेसे तयार झाले की समाजपरिवर्तन ओघाने येते.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. रस्त्याकडेला पडलेला कुष्ठरोगी पाहून आमटे प्रथम घाबरून पळाले होते. ती भीती त्यांना डाचत राहिली नसती तर आनंदवन झाले नसते. ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरात २००६ पासून चालणारा ‘निर्माण’ हा तरुणांसाठीचा उपक्रमही आपले आयुष्य कशासाठी, या प्रश्नापासूनच सुरू होतो. त्या प्रश्नाने अस्वस्थ झालेले तरुण डॉक्टर दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रांत जातात, हेही खरे. चूक आहे ती ‘ओघाने’ या शब्दात. आनंदवनात कुष्ठरुग्ण ताठ मानेने उभा राहिला तो आमट्यांचे मन पालटले म्हणून नव्हे. त्याने विहीर खणली, शेत पिकवले आणि स्वतःच्या कमाईचे अन्न खाल्ले म्हणून. नेत्याचे मन आणि लोकांचे जगणे यांच्यामध्ये बरेच काही घडावे लागते, आणि कथा सांगणारे नेमके तेवढेच गाळतात.

‘सर्च’चा अनुभव इथे जास्त बोलका आहे. बंग दांपत्याची निष्ठा आणि विद्वत्ता यांत उणे काही नव्हते, तरी आदिवासी रुग्ण दवाखान्याकडे फिरकत नव्हते. विचारल्यावर त्यांनी कारणे सांगितली. मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्या कापडात तर मढे गुंडाळतात. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. दवाखान्यात देव नाही. मग शोधग्रामात गोंड गावासारखा, झोपड्यांचा दवाखाना झाला, सोबत्यांच्या राहण्याची सोय झाली, दंतेश्वरीचे देऊळ आले आणि दवाखान्याला तिचेच नाव मिळाले. इथे नेत्यांचा व्यक्तिगत विकास झाला असेल, तर तो स्वतःची कल्पना मोडून घेण्यात झाला. तो कोणत्याही शिबिरात होण्याजोगा नव्हता.

याच संस्थेच्या नवजात बालकांच्या कामातली एक वस्तू तर मुद्दाम पाहावी अशी आहे. बाळाचे श्वास मोजण्यासाठी, फारसे लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईच्या हाती एक लाकडी चौकट दिली गेली. तिच्यावर मणी आणि जोडीला एका मिनिटाची वाळूची घटिका. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापाशी पोचले तर न्यूमोनिया समजायचा. करुणा हे मूल्य इथे साठपर्यंतही मोजता न येणाऱ्या बाईला वापरता येईल अशा अवजारात उतरले. ३९ गावांत आरोग्यदूत घरोघरी जाऊ लागल्या आणि हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी साधारण २५ वर आला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर गेली. ती राबवणाऱ्या सगळ्याच आशांनी बंगांसारखा आत्मशोध केलेला नव्हता, आणि त्याची गरजही पडली नाही.

पूर्वपक्षाला खरे उत्तर मिळते ते मात्र धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावात. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज, ही तिथली घोषणा. देवाजी तोफा हे या गावाचे सर्वांना माहीत असलेले नाव. पण गावाची ताकद दोन रीतींत आहे. पहिली सर्वसहमतीची. ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो. दुसरी अभ्यासगटाची. तिथे कायदा, जंगल, हिशेब यांवर वाटेल तितकी चर्चा करायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेचा. १९८० च्या दशकात या गावाशी जोडले गेलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी स्वतःला नेता म्हणवले नाही, ‘सहयोगी मित्र’ म्हणवले. माहिती देणे एवढेच त्या मित्राचे काम. मत त्याला नाही. मूल्यनिष्ठ नेतृत्वाची याहून कडक व्याख्या सापडणे कठीण, कारण ती नेत्याच्या चारित्र्यावर विसंबत नाही, त्याच्या हाताला मर्यादा घालते.

सर्वसहमती म्हणजे गोड शब्दांतली दडपशाही, असा आक्षेप येतो. धाकट्या सुनेने सासऱ्यादेखत नाही म्हणायचे कसे? आक्षेप खोटा नाही, आणि एकमत हे मूल्य म्हणून नुसते सांगितले तर तसेच होईल. म्हणूनच घरटी एक पुरुष आणि एक बाई सभेला हवी, अशी रीत लागते. शिवाय ही पद्धत संथ आहे. निवडून आलेल्या कोणाही पुढाऱ्याला ती परवडणार नाही.

आता दुसरी बाजू. व्यक्ती आणि मूल्ये हा भाबडेपणा आहे, कायदा बदला, बाकी आपोआप होईल, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. त्याचा आधार भक्कम आहे: २००६ चा वनहक्क कायदा नसता तर मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळालाच नसता. पण तो कायदा साऱ्या देशाला लागू होता. असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत मेंढा आले, ते वीस वर्षे जंगल राखण्याची आणि कागद वाचण्याची सवय लागली होती म्हणून. हक्क मिळूनही वनखाते बांबूच्या वाहतुकीचा परवाना, म्हणजे टीपी, सोडेना. गावाने तगादा सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. बांबू गावाचा हे कायद्याने ठरले होते; तो गावाबाहेर नेता येऊ लागला तो या पुस्तकामुळे. पुढे २०१३ मध्ये गावाने ग्रामदान कायद्याखाली स्वतःच्या शेतजमिनींची मालकीही ग्रामसभेकडे दिली. तशी सक्ती कोणत्याही कायद्यात नव्हती.

केवळ कायद्यावर भिस्त ठेवली की काय होते, हे दारूच्या प्रश्नात दिसते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायकांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. बायकांची लढाई खरी होती, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण बंदीची किल्ली मुंबईत राहिली, आणि तिथे सरकार बदलले. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी कायम आहे. तिथे जिल्हाभर गावसंघटनांचे काम चालू राहिले, एवढा फरक नोंदण्याजोगा आहे. अर्थात चोरटी दारू तिथेही आहेच.

इतके मंडन केल्यावरही उत्तरपक्षाला सगळीकडे जय मिळत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि पोटात लोहखनिज. परिसरातल्या अनेक ग्रामसभांनी खाणीविरुद्ध ठराव केले, आणि ते करताना मेंढ्यासारखीच चर्चेची वाट धरली. खाण चालू आहे, खनिजाचे ट्रक आल्लापल्लीच्या रस्त्याने धावतात. टीपीच्या पुस्तकासारखे, ग्रामसभेच्या ‘नाही’ला वजन देणारे कोणतेही पुस्तक अजून त्या गावांच्या हाती आलेले नाही.