नकाशावरील लाल डाग

नकाशा म्हटला की आम्हा भूगोलाच्या विद्यार्थ्यांना नद्या, पर्वत आणि पिके आठवतात. परंतु आता संगणकाच्या साहाय्याने गुन्ह्यांचेही नकाशे काढले जातात. 'जी.आय.एस.', म्हणजेच भौगोलिक माहिती प्रणाली, ही त्यामागची विद्या. नोंदलेल्या प्रत्येक गुन्ह्याची जागा संगणकात भरायची आणि जेथे ठिपक्यांची दाटी होईल तो भाग लाल रंगवायचा. त्यालाच 'हॉटस्पॉट' म्हणतात. कल्पना तशी जुनीच आहे. फ्रान्समध्ये बाल्बी व गेरी यांनी १८२९ सालीच गुन्ह्यांचे नकाशे प्रसिद्ध केले होते.

या विद्येचे मोल मी नाकारीत नाही. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराविषयी शर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. पोलिसांना आलेल्या दूरध्वनींपैकी सुमारे निम्मे अवघ्या ३ टक्के ठिकाणांविषयी होते, असे त्यात दिसले. म्हणजे सबंध वस्ती वाईट नसते. वाईट असतो तो एखादा गुत्ता, एखादा अंधारा बोळ.

मग अडचण कोठे आहे? संगणकाला पोलिसांच्या नोंदवहीपलीकडचे काही ठाऊक नसते. घरात मार खाणारी बाई ठाण्याची पायरी चढत नाही. तिच्या घरावर ठिपका उमटत नाही. उलट जेथे गस्त अधिक, तेथे नोंदी अधिक. आणि नोंदी अधिक म्हणून पुन्हा गस्त अधिक! लम व आयझॅक या संशोधकांनी २०१६ साली ओकलंड शहरातील अमली पदार्थांच्या नोंदींवरून नेमके हेच दाखवून दिले. तेथे अशा पदार्थांचे सेवन शहरभर पसरलेले असल्याचा अंदाज होता. पण पोलिसांच्या नोंदींवर चालणारे भाकीत मात्र कृष्णवर्णीय व गरिबांच्या वस्त्यांकडेच बोट दाखवीत राहिले. सांता क्रूझ शहराने २०२० साली अशा भाकितांवर बंदीच घातली.

आपल्याकडे तर संगणक येण्यापूर्वीच असे डाग पाडले गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरविले. सोलापुरात अशांना तारेच्या कुंपणात ठेवीत. त्या जागेला 'सेटलमेंट' हेच नाव पडले. १९५२ साली कायदा रद्द झाला, परंतु नजर बदलली का? मी राहतो त्या वस्तीचे नाव सांगताच आजही समोरच्याचा स्वर बदलतो. उद्या हीच नजर रंगीत नकाशा होऊन आली, तर तिला 'शास्त्र' म्हटले जाईल आणि मग तिच्याशी वाद घालणे अधिकच कठीण होईल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, नकाशा जरूर काढावा. पण तो वस्तीतील लोकांनाही दाखवावा आणि नोंदी कशा झाल्या हे विचारण्याचा त्यांना अधिकार असावा. लाल डाग दिसला, तर तेथे झडतीच्या आधी रस्त्यावरचा दिवा यावा. मित्रहो, नकाशे काढण्याचे काम उद्या आपल्यापैकीच कुणाच्या तरी हाती येणार आहे. ठिपका जागेचा असतो, माणसाच्या कपाळावरचा नव्हे, एवढे त्या वेळी आपण विसरू नये.