केशरी रताळे

अ जीवनसत्त्व कमी पडले की मुलांना आधी रातांधळेपणा येतो, पुढे डोळाच जातो. युगांडात रोजचे रताळे पांढऱ्या गराचे. त्यातून हे जीवनसत्त्व जवळपास मिळत नाही. परदेशी केशरी रताळे लावून भागत नव्हते. ते पाणचट, लोकांना हवे पिठूळ. शिवाय विषाणुरोगाने वेल खलास. रॉबर्ट म्वांगा यांनी वर्षानुवर्षे संकर करून केशरी, पिठूळ आणि रोगापुढे टिकणारे वाण दिले. खरी करामत चवीची. न आवडणारे रताळे कोण रोज खाणार? २०१६ च्या जागतिक अन्न पुरस्काराच्या चार मानकऱ्यांत ते होते. असे सुमारे १२५ ग्रॅम रताळे लहान मुलाची दिवसाची गरज भागवते. सहामाही डोस हवाच, पण तो चुकतो. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेचे ‘भू सोना’ हे केशरी वाण आहे. ते उपवासापुरते न ठेवता अंगणवाडीच्या ताटात यायला हवे.