वेदनाशमन म्हणजे संधिस्थैर्य नव्हे

लकडगंजात चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याला गुडघ्याचे रुग्ण शोधावे लागत नाहीत. आरागिरण्यांत व लाकडाच्या वखारींत ओझे वाहणारे हमाल, दुचाकीवरून पडलेले तरुण, कबड्डी खेळताना पाय मुरगळलेले विद्यार्थी आमच्याकडे नित्य येतात. आपण लेप लावतो, पट्टबंधन करतो, गुग्गुळाचे कल्प देतो. सूज उतरते, वेदना शमते आणि रुग्ण आभार मानून जातो. या यशाविषयी शंका घेण्याची वेळ आमच्यावर एका रुग्णाने आणली.

हा तरुण हमाल खांद्यावर ओझे असताना घसरला. पाऊल जमिनीवर रोवलेले राहिले व शरीर वळले. गुडघ्यात ‘खट्’ असा आवाज झाला आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला. तीन आठवड्यांच्या उपचाराने तो वेदनामुक्त झाला. ‘वैद्यबुवा, उतरताना गुडघा दगा देतो’ असे तो जाताना म्हणाला होता. अशक्तपणा असेल, असे सांगून आम्ही त्याला कामावर पाठविले. दोन महिन्यांनी मालमोटारीच्या फळीवरून उतरताना त्याचा गुडघा निसटला व आखडून बसला. एम.आर.आय. तपासणीत पुढचा क्रॉस अस्थिबंध, म्हणजे ए.सी.एल., पूर्ण तुटलेला आढळला. शिवाय आतील बाजूची कूर्चेची गादीही फाटली होती. गादी कदाचित दुसऱ्या खेपेस फाटली असावी. ती वाचविण्याची संधी आमच्या हातून गेली, हे मान्य करणे आम्हांस भाग आहे.

येथे शास्त्र अपुरे पडले नाही, आम्ही अपुरे पडलो. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात नऊशे स्नायू सांगितले. त्यांतील दहा एकेका जानूचे. फळ्यांची नाव अनेक बंधनांनी घट्ट बांधली असता पाण्यात भार वाहते, तसे स्नायूंनी बांधलेले संधी शरीराचा भार वाहतात, असा दृष्टान्तही त्यांनी दिला. जानुमर्म वैकल्यकर असून त्याच्या आघाताने खंजता येते, हे आपण सर्वांनी पाठ केले आहे. भग्नचिकित्सेत तर बंधन सैल असेल तर संधिस्थैर्य येत नाही, अति घट्ट असेल तर शोफ, वेदना व पाक होतो, असे स्पष्ट सांगितले आहे. आचार्यांची कसोटी केवळ वेदनेची नाही, स्थैर्याची व सुखकर हालचालीची आहे.

शब्दानेही आपला घात केला आहे. व्यवहारातील मराठीत स्नायू म्हणजे मांसपेशी. संहितेतील स्नायू म्हणजे अस्थींना बांधणारे बंधन. ‘स्नायू दुखावला’ असे आपण सांगतो, तेव्हा रुग्णाला वाटते की चोळले, शेकले की झाले.

गुडघ्याचे प्रमुख अस्थिबंध चार. आतील व बाहेरील पार्श्वबंध गुडघा आडवा झुकू देत नाहीत. मागचा क्रॉस बंध जंघास्थीला मागे सरकू देत नाही. पुढचा क्रॉस बंध तिला पुढे सरकण्यापासून रोखतो, शिवाय पाय रोवून वळताना तिचे फिरणे आवरतो. म्हणून हा बंध तुटलेला मनुष्य सरळ रस्त्यावर नीट चालतो, पण वळताना किंवा उतरताना त्याचा गुडघा निसटतो. प्रत्येक निसटण्याबरोबर कूर्चा झिजते व पुढे संधिवाताची वाट मोकळी होते.

यांतील आतील पार्श्वबंध संधीबाहेर असून त्याला रक्तपुरवठा चांगला आहे; तो बहुधा बंधनाने व विश्रांतीने जुळतो. आपल्या यशाचा मोठा वाटा त्याचाच असावा. पुढचा क्रॉस बंध मात्र संधीच्या आत आहे. तेथील द्रवात तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ टिकत नाही, त्यामुळे तो पूर्ववत जुळण्याचा भरवसा धरता येत नाही. प्रथम वयात महिन्याने संधी स्थिर होतो, हे वचन येथे डोळे झाकून लावता येणार नाही.

मग आपण करावे काय? इजेनंतर काही तासांतच मोठी सूज आली, तर संधीत रक्त साठले असे समजावे. तेथे मर्दन व उष्ण स्वेद नको. भग्नचिकित्सेत न्यग्रोधादी कषायाचा शीत परिषेक सांगितला आहे, त्याचे स्मरण ठेवावे. क्ष-किरण चित्र काढून अस्थिभंग नाही याची खात्री करावी. पण त्यात अस्थिबंध दिसत नाही, हे विसरू नये. रुग्णाला उताणे निजवून गुडघा वीस ते तीस अंशांत वाकवावा, एका हाताने मांडी स्थिर धरून दुसऱ्याने जंघा पुढे ओढावी व दुसऱ्या पायाशी तुलना करावी. पहिल्या दिवशी वेदनेमुळे पेशी ताठरतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी परीक्षा पुन्हा करावी. गुडघा निसटत वा अडकत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा नाही.

पाठविणे म्हणजे शस्त्रकर्मच, असेही नव्हे. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींवर लवकर शस्त्रकर्म झाले, इतरांना आधी व्यायाम देऊन गरजेनुसारच शस्त्रकर्म केले. पाच वर्षांनी या दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्यांना शस्त्रकर्म लागले नव्हते. मांडीच्या मागील पेशी जंघास्थीला मागे ओढून धरतात, पुढील पेशी गुडघा तोलतात. म्हणून व्यायाम हाही उपचारच होय. बृंहण व अभ्यंग यांचे योग्य स्थान सूज उतरल्यावर, या व्यायामाच्या जोडीला आहे. ज्याचे पोट ओझ्यावर अवलंबून आहे, त्याला ‘आता दुखत नाही ना?’ एवढेच विचारून कामावर पाठविणे हा मात्र अपराध आहे.

आमची संघटनेला विनंती आहे की, प्रत्येक शाखेच्या अभ्यासवर्गात एक दिवस जानुपरीक्षेच्या प्रत्यक्ष सरावासाठी ठेवावा. लेपांचे योग आपण एकमेकांना उत्साहाने सांगतो. आपला हात कोठे चुकला, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगू या.