वलगण राखा, पाताळगंगा जगेल

आपल्या पाताळगंगेला भर उन्हाळ्यातही पाणी असते. टाटांच्या खोपोली वीजघरातून सुटणारे पाणी तिला १९१५ पासून मिळते आहे. म्हणजे उणीव पाण्याची नाही, स्वच्छतेची आहे. खोपोलीचे सांडपाणी आणि खाली रसायनीचे कारखाने, हा भार तिच्यावर आहे.

"नदी मेली, आता मासा कुठला?" म्हणून हात झटकू नका. लंडनची थेम्स नदी १९५७ साली शास्त्रज्ञांनी मेलेली ठरवली होती. शहराचे सांडपाणी नीट शुद्ध होऊ लागले आणि १९७४ साली तिच्यात सॅमन मासा पुन्हा सापडला.

पण मासा परतला की हावही परतते. पहिल्या पावसात वलगणीला चढणारा मासा अंडी घालायला निघालेला असतो. पोटापुरता पाग टाकणाऱ्या कातकरी बांधवांनी नदी संपवली नाही. सुरुंग आणि विष टाकणारे वेगळे. तो कायद्याने गुन्हाच आहे.

ग्रामपंचायतींनी दोन कामे करावीत. वलगणीच्या दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावायचे नाही, असा ठराव ग्रामसभेत घ्यावा. आणि मेलेले मासे तरंगले की त्याच दिवशी पंचनामा करून प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाण्याचा नमुना घ्यायला बोलवावे. दुसऱ्या दिवशी घाण वाहून जाते, तिच्याबरोबर पुरावाही जातो.