आधी कागद, मग शाई, पेन शेवटी

दहावी पास झाल्याबद्दल भाचीला शाईचे पेन हवे होते, म्हणून तिला घेऊन पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराने मखमली डब्यांतली पेने काढून मांडली. सोनेरी क्लिपा, चकचकीत टोपणे! मी म्हटले, "आधी वह्या दाखवा." भाची कानाशी कुजबुजली, "मामा, आपण पेन घ्यायला आलोय ना?"

पण याबाबत माझे मत ठाम आहे. पैसा पेनावर उधळू नये, कागदावर आणि शाईवर खर्चावा. कागदाला खळ नीट दिलेली नसेल तर हजारांचे पेनही त्यापुढे हात टेकते. शाई फुटते, अक्षराला मिशा फुटतात आणि बोल मात्र लिहिणाऱ्याला लागतो. पारख सोपी आहे. एकच वही विकत घ्यावी, शेवटच्या पानावर एक शब्द लिहावा, क्षणभर थांबून पान उलटावे. शब्द मागे उमटला असेल, तर त्या जातीच्या वह्या डझनाने घेऊ नयेत. कागदाच्या वजनाच्या आकड्याला भुलू नये. जाडजूड असूनही टीपकागदासारखी शाई पिणारे कागद मी पाहिले आहेत. पूर्वी आपल्याकडे हातकागद खळ देऊन, दगडाने घोटून गुळगुळीत करीत, ते काही हौसेखातर नव्हे.

शाईच्या बाबतीत तर मी दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात कुर्ल्याच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरले. कपाटाच्या खालच्या खणात वडिलांची पत्रे होती. मी वसतिगृहात असताना त्यांनी दर आठवड्याला पाठवलेली अंतर्देशीय पत्रे. वडील तोवर गेलेले होते. त्यांना लखलखीत निळी शाई आवडायची. पाणी ओसरल्यावर पुडके सोडले, तर हाती आले फिकट निळे, कोरे कागद. पोस्टाचे शिक्के तेवढे स्वच्छ वाचता येत होते. त्याच खणात आईची हिशेबाची वही होती, निळ्या-काळ्या शाईने लिहिलेली. तिच्यात १९७४ सालचे रॉकेलचे पैसेसुद्धा जसेच्या तसे!

याचे कारण साधे आहे. धुऊन जाणारी निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग; पाणी लागले की तो पुन्हा पाण्यात जातो. जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईत मायफळासारख्या पदार्थातले टॅनिन आणि लोहाचा क्षार असतो. लिहिताना ती निळी दिसते. मग हवा लागून काळी पडते आणि कागदाच्या तंतूंत रुतून बसते. मात्र आज बाटलीवर निळी-काळी लिहिले म्हणजे आत लोह असेलच असे नाही. म्हणून लिहिलेला कागद दिवसभर वाळवून नळाखाली धरावा. लोहाची शाई पेनात वाळू देऊ नये, अधूनमधून पेन साध्या पाण्याने धुवावे. चित्रकलेची काळी शाई तर फाउंटन पेनात कधीच भरू नये, पेन चोंदते.

राहिले पेन. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, 'क्ष'ची गुंतागुंत. जाड निबेने सगळे बुजून जाते. बारीक निब घ्यावी. एवढे पुरे.

आम्ही एक साधे पेन, शाईची बाटली आणि दोन वह्या घेतल्या. घरी आल्यावर भाची बॉलपेनासारखी दाबून लिहू लागली, निबेच्या दोन्ही जिभा फाकल्या. म्हटले, "अगं, जोर नको. पेन नुसते टेकव, शाई आपोआप उतरते. शिरोरेघ शब्द संपल्यावर, एका दमात." चार-पाच ओळींनंतर हात हलका झाला, अक्षरे नीट उभी राहिली. मग माझ्याकडे पाठ करून तिने काहीतरी लिहिले आणि कागद पंख्याखाली ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तो नळाखाली धरून माझ्यासमोर आणला. पाणी निथळत होते, आणि ओळ ठळक होती : मामा कंजूष आहे.

तो कागद मी कपाटात ठेवला आहे. वरच्या खणात.