लायसन्स बदललं, बिघडलं कुणाचं?

लायसन्स म्हटलं की आपल्याला पेठ रोडचं आरटीओ आठवतं, आणि ट्रिपल सीट पकडल्यावर फाडावी लागणारी पावती. सॉफ्टवेअरलाही लायसन्स असतं, पण ते आपण ‘आय ॲग्री’वर डोळे झाकून क्लिक करतो आणि विसरतो. त्यात ओपन सोर्स असेल तर विचारूच नका. फुकटच आहे की! मग त्याचं लायसन्स बदललं काय आणि न बदललं काय?

फरक पडतो. आणि तो समजायला अमेरिकेपर्यंत जायला नको, पुण्यापर्यंत गेलं तरी पुरे. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे मराठीत कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

लिनक्सवर ज्यांनी कधी मराठी वाचलंय, त्यांच्या डोळ्यांखालून ‘लोहित’ हा फॉन्ट बहुतेक गेलेला असतो. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅट कंपनीने २००४ साली भारतीय भाषांसाठी हे फॉन्ट खुले केले, तेव्हा नाव अगदी साजेसं! मूळ फॉन्ट पुरवले पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे डीटीपीवाल्यांच्या ओळखीच्या ‘श्री-लिपी’च्या कंपनीने. श्री-लिपी पैसे मोजून घ्यायची, लोहित मात्र जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांसाठी मोकळा.

जीपीएलचा नियम आपल्या हॉस्टेलमधल्या नोट्ससारखा आहे. सिनियरची वही घे, वाच, झेरॉक्स काढ, त्यात भर टाक. पण ती भर घातलेली वही दुसऱ्याला दिलीस, तर त्यालाही याच अटीवर दे. ‘आता ही माझी, कुणी कॉपी करायची नाही’ असं म्हणायचं नाही.

प्रोग्रामला हा नियम चपखल बसतो. फॉन्टच्या बाबतीत मात्र गोची होते. आपण पीडीएफ बनवतो तेव्हा फॉन्टचा भाग त्या फाइलच्या पोटात जाऊन बसतो. मग मी जीपीएल फॉन्ट वापरून पुस्तक छापलं, तर माझं पुस्तकही जीपीएल झालं का? प्रश्न ऐकायला येडचाप वाटतो, पण प्रकाशकाच्या वकिलाला विचारून बघा! खुद्द जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेही ही अडचण ओळखून फॉन्टसाठी लायसन्समध्ये वेगळी सवलत जोडायला सुचवलं आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये लोहितचं लायसन्स बदललं. जीपीएल गेलं आणि एसआयएल या संस्थेने खास फॉन्टसाठी लिहिलेलं ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे ओएफएल, आलं. यात सरळ लिहिलंय की या फॉन्टमध्ये तयार केलेल्या मजकुराला हे लायसन्स लागू होत नाही. वहीची अट तशीच राहिली, म्हणजे फॉन्ट सुधारून वाटलात तर तोही ओएफएलखालीच. एक गोष्ट मात्र कमी झाली. जीपीएलमध्ये नुसता फॉन्टही विकता येतो, ओएफएलमध्ये सुटा फॉन्ट विकता येत नाही, एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर द्यावा लागतो. पण ज्यांच्याकडे जुनी जीपीएलवाली प्रत होती, त्यांची परवानगी कुणी काढून घेतली नाही. नवं लायसन्स पुढच्या प्रतींना लागतं, मागे जाऊन दिलेला शब्द फिरवता येत नाही. पुढे अँड्रॉइडच्या सोर्समध्येही लोहितच्या फाइल्स दिसल्या, त्या ओएफएलखालीच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की लायसन्स बदलणं म्हणजे लगेच गद्दारी नव्हे, आणि लगेच प्रगतीही नव्हे. दोन प्रश्न विचारायचे. पहिला, बदलानंतर कोणाला काल करता येणारी गोष्ट आज करता येत नाही? दुसरा, ज्यांनी घाम गाळला त्यांना विचारलं का?

पहिल्या प्रश्नात लोहित जवळजवळ फुल मार्कांनी पास होतो. आता रेडिस बघा. हा डेटाबेस वर्षानुवर्षं बीएसडी या अगदी सैल लायसन्सखाली होता. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ते बदलून क्लाउडवाल्यांवर बंधनं घातली. कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. काम यांनी करायचं आणि भाड्याने देऊन कमाई बड्या क्लाउड कंपन्यांनी करायची, हे कोणाला आवडेल? पण बाहेरून कोड देणाऱ्यांना वाटलं की आपण दिलं सार्वजनिक पाणपोईला, आणि तिला नळाचं मीटर लागलं. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जुन्या कोडवरून ‘व्हॅल्की’ हा वेगळा प्रोजेक्ट निघाला. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल हा खुला पर्याय पुन्हा दिला. तोवर घराच्या वाटण्या झाल्या होत्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला व्हीएलसी आहे, जो प्रत्येक रूममध्ये पिक्चर बघायला असतोच. त्याचा बराचसा कोड २०११-१२ मध्ये जीपीएलवरून एलजीपीएलवर नेला, तेव्हा दोनशेहून जास्त डेव्हलपर्सना शोधून परवानगी मागावी लागली. ज्याने लिहिलं त्याचा हक्क, तो सोडणारही तोच. ज्याची परवानगी मिळत नाही, त्याचा भाग वगळायचा नाहीतर नव्याने लिहायचा.

तुम्ही म्हणाल, हे मोठ्या लोकांचे मोठे प्रश्न, आपल्याला सबमिशन आहे. तर ऐका. आमच्या हॉस्टेलच्या मेसची हजेरी घेणारं ॲप चार सिनियर्सनी फायनल इयरला केलं. मस्त चालतं. आता मुलांच्या हॉस्टेललाही ते हवंय, आणि आम्हाला त्यात सुट्टीचा हिशोब घालायचाय. कोड नेटवर आहे, पण त्यात लायसन्सची फाइलच नाही! आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हे ‘साहित्य’ धरलं जातं. (म्हणजे आपण सगळे साहित्यिक! मराठीच्या बाईंना सांगायला हवं.) लिहिल्याक्षणी हक्क लिहिणाऱ्याचा, आणि लायसन्स नसेल तर ‘घ्या’ असं कोणी म्हटलेलंच नाही. कॉलेजचा वेगळा लेखी नियम नसेल तर ‘कॉलेजमध्ये झालं म्हणजे कॉलेजचं’ हेही चालत नाही. चौघांपैकी दोघांचे नंबर बदललेत. लोहितचं लायसन्स बदलता आलं, कारण मुळात ते होतं. आमच्याकडे बदलायलाच काही नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे, प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी लायसन्सची फाइल टाका. कोणतं ते चौघांनी चहावर बसून ठरवा. कोणी किती लिहिलं त्याची नावं ठेवा. उद्या बदलायचं झालं तर सगळ्यांना विचारा, ज्याच्या अकाउंटवर कोड आहे त्याने रात्रीत परस्पर ठरवायचं नाही. आणि सर, मॅडम, तुम्हाला विनंती की सिनॉप्सिसच्या फॉर्ममध्ये ‘लायसन्स’ नावाची एक ओळ वाढवा. ब्लॅक बुक सोनेरी अक्षरांत बाइंड करायला आपण पैसे घालतो. ते लायब्ररीच्या कपाटात जातं. पुढच्या बॅचच्या हातात पोचतो तो कोड, आणि तो त्यांना उघडपणे वापरता यावा यासाठी एक ओळ जास्त नाही.

— टी.ई. कॉम्प्युटर, मुलींचे वसतिगृह