मनाला सांगितलेले शब्द

फ्रान्सच्या ईशान्य भागात नान्सी नावाचे एक शहर आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत तेथील एका घरी आजारी, खिन्न आणि खचलेल्या माणसांची रीघ लागत असे. त्यांना भेटणारा गृहस्थ डॉक्टर नव्हता. एमिल कुए हे त्याचे नाव. १८५७ साली त्र्वा या गावी जन्मलेल्या कुएने आयुष्याचा मोठा भाग औषधांच्या दुकानात काढला होता. औषध हाती देताना त्याच्या गुणाविषयी दोन विश्वासाचे शब्द उच्चारले, तर त्याच औषधाने रोग्याला अधिक आराम वाटतो, असे त्याच्या ध्यानात आले होते. शब्दांतच जर एवढे बळ असेल, तर ते शब्द मनुष्याने स्वतःच स्वतःला का सांगू नयेत, असा विचार करून त्याने एक अत्यंत सोपा उपाय शोधून काढला. सकाळी जाग येताच आणि रात्री निजण्यापूर्वी डोळे मिटावे, आणि आपण दिवसेंदिवस सर्व बाबतींत सुधारत आहोत अशा आशयाचे एक लहानसे वाक्य ओठांतल्या ओठांत वीस वेळा म्हणावे. मोजण्यासाठी हाती वीस गाठींची दोरी असावी. जपमाळेशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला या दोरीचे नवल वाटणार नाही.

कुए रोग्यांकडून पैसे घेत नसे. आपण कोणालाही बरे केलेले नाही, ज्याचे त्यानेच स्वतःला बरे केले, असे तो सांगे. १९२३ साली तो अमेरिकेत गेला, तेव्हा तेथे त्याचे मोठे स्वागत झाले. १९२६ साली त्याचा मृत्यू झाल्यावर त्या वाक्याची लाट ओसरली आणि त्याची थट्टाही पुष्कळ झाली. परंतु त्या थट्टेत त्याचा एक मोलाचा विचार झाकला गेला. जमिनीवर ठेवलेल्या अरुंद फळीवरून कोणीही सहज चालत जातो. तीच फळी उंच मनोऱ्यांच्या टोकांवर टाकली, तर पाऊल उचलत नाही. फळी तीच असते आणि पायही तेच असतात. बदलते ते मनातील चित्र. इच्छा आणि कल्पना यांचा झगडा लागला म्हणजे जय कल्पनेचा होतो, असे कुए म्हणे.

याचा दुसरा अर्थ अधिक गंभीर आहे. मनुष्य नान्सीला गेला नाही, त्याने गाठींची दोरी हाती धरली नाही, तरीही त्याच्या मनात कोणत्या ना कोणत्या वाक्याचा जप चाललेलाच असतो. ‘गणित आपल्या घराण्यात नाही’, ‘हा मुलगा मुळातच ढ’, ‘हिच्या हातून काही व्हायचे नाही’, ही वाक्ये घरात आणि वर्गात किती सहजपणे उच्चारली जातात! ती वीस वेळा नव्हे, वर्षानुवर्षे कानांवर पडतात. आणि एके दिवशी ते मूल तीच वाक्ये स्वतःच्या आवाजात म्हणू लागते. बोलणाऱ्याला आपण मंत्र देत आहोत याची जाणीवही नसते.

मग या कुमंत्रावर सुमंत्राचा उतारा का चालू नये? ‘मी हुशार आहे’ असे वहीत शंभर वेळा लिहिले, तर पुरेसे नाही काय? येथे मात्र सावध राहावयास हवे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घंटेचा आवाज झाला की आपण प्रेमास पात्र आहोत असे मनाशी म्हणावे, असे काही विद्यार्थ्यांना सांगण्यात आले. ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळात चांगले होते, त्यांना थोडे बरे वाटले. पण ज्यांना खरोखर धीराची गरज होती, त्यांची मनःस्थिती अधिकच खालावली. एका प्रयोगाने अशा विषयाचा निकाल लागत नाही, हे खरे; तथापि त्याचे मर्म पटण्यासारखे आहे. मन हे काही आज्ञाधारक शिपाई नव्हे. त्याला न पटणारे वाक्य ऐकवले की ते लगेच उलट साक्षी उभे करते: मागच्या परीक्षेतील गुण, फळ्यापाशी झालेली फजिती, मित्रांचे हसणे. त्यावर ते मूल स्वतःलाच दोष देते की, सर्वांना लागू पडणारे वाक्यदेखील आपल्याला लागू पडत नाही. पाढे पाठ होतात, कारण बे दुणे चार हे म्हणणाऱ्याचा विश्वास असो वा नसो, खरेच असते.

समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचले. महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांनी ते लहानपणी पाठ केले. त्यांत मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक आहे खरी. परंतु हाक मारून समर्थ थांबत नाहीत. काय करावे, काय सोडावे, हे ते मनाला पुनःपुन्हा सांगतात, प्रश्न विचारतात, कानउघाडणीही करतात. त्यांत गौरव थोडा आणि काम पुष्कळ आहे.

अमेरिकेतील एका शाळेत सातवीच्या मुलांवर झालेला प्रयोगही याच दिशेचा आहे. जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. मुलांनी स्वतःची स्तुती करावयाची नव्हती. कुटुंब, मैत्री, संगीत अशा गोष्टींपैकी आपल्याला सर्वांत प्रिय काय आणि ते का, एवढेच लिहावयाचे होते. पाव तासाचे ते लिखाण. मागे पडलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण त्यानंतर सुधारलेले दिसले. पुढे इतरत्र हा प्रयोग पुन्हा करून पाहता काही ठिकाणी परिणाम आढळला, काही ठिकाणी जवळजवळ नाहीच. म्हणून त्याला जादू समजू नये. पण मुलांनी लिहिलेली वाक्ये त्यांची स्वतःची आणि खरी होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

ज्याला अपूर्णांक येत नाहीत, त्याने आपण गणितात पारंगत आहोत असे घोकण्यात काय लाभ? उलट गोड स्वप्नातच श्रमाचे समाधान मिळून हात सैल पडण्याचे भय असते. ‘छेद समान करणे मला आले, वजाबाकीपाशी मी अडतो’, हे वाक्य त्याने रोज म्हटले तरी मन त्यावर आक्षेप घेणार नाही, आणि आठवड्याभरात ते वाक्य बदलावेही लागेल. असे वाक्य त्याला सुचत नसेल, तर ते शिक्षकाने सुचवावयास हवे. प्रगतिपुस्तकात शेऱ्यासाठी एक रकाना असतो. ‘अधिक प्रयत्न हवा’ हे शब्द त्यात वर्षानुवर्षे उमटत आले आहेत. रकाना अरुंद आहे, परंतु छेद आणि वजाबाकी यांविषयीचे एक वाक्य त्यात सहज मावते.